‘महिनाभर रिकामी टाकी कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गिरगावच्या घरी वडील टाकी भरली की दुसऱ्याच दिवशी मासे सोडायचे, दर रविवारी दोन बादल्या पाणी बदलायचे आणि मासे छान टिकायचे. मग टाकी ‘सायकल’ करणं (म्हणजे मासे सोडण्याआधी तिच्यात उपयोगी जिवाणू वाढू देणं), पाणी तपासायचं टेस्ट किट, महिनाभर थांबणं हे सगळं नवख्यांना घाबरवून दुकानदारांचं भलं करणं आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय की पुण्यात दोन फुटी टाकीत बोअरचं पाणी भरून चार दिवसांपूर्वी आठ गोल्डफिश सोडलेत आणि ते मजेत आहेत.

त्या शेवटच्या वाक्यामुळेच लगेच उत्तर लिहितोय.

वडिलांची पद्धत मला चुकीची वाटत नाही. ‘दर रविवारी दोन बादल्या’ हेच तिचं मर्म आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत पाण्यात उतरत असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर वस्ती करतात. ती वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. वडिलांच्या टाकीलाही तेवढे लागलेच असणार. तोवर ते दर रविवारी अमोनियाचं विष पातळ करत होते. जिवाणू चिकटून बसलेले असल्यामुळे पाणी उपसलं तरी जात नाहीत. स्पंज मात्र नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं ते मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या.

आणि गिरगावचं पाणी वेगळं होतं. तानसा-भातसाचं पाणी मऊ, बोअरचं क्षाराचं आणि त्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) बहुधा चढा. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. मासे तेच, घाण तेवढीच, मार जवळजवळ दसपट.

चौथ्या दिवशी मासे मजेत दिसणारच. अमोनिया साचायला वेळ लागतो आणि नायट्राइट त्याच्याही मागून चढतं. ते रक्तात शिरलं की हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. एअर पंप जोरात चालू असतानाही मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, कल्ले तपकिरी पडतात. पाणी तेव्हाही काचेसारखं स्वच्छ दिसतं, म्हणूनच मी टेस्ट किटचा आग्रह धरतो. जिवाणूंची महागडी बाटली मी कधीच घ्यायला सांगितली नाही. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज आपल्या टाकीत पिळला की काम होतं, तेही फुकटात.

माशांशिवाय टाकी तयार करायची तर जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड लागतं, म्हणजे कल्हईवाल्याचा नवसागर. बाजारातला शुद्ध असेलच असं नाही, म्हणून प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून घ्यावं. 50 लिटरला ग्रॅमचा तिसरा हिस्सा टाकला की लिटरमागे 2 मिलिग्रॅम अमोनिया होतो. मुलांना काय दाखवायचं, असं तुम्ही विचारलंत. या काळात टाकीत वॅलिसनेरिया, जावा मॉस लावता येतं; वनस्पती स्वतःही अमोनिया शोषतात. किटचे थेंब मुलांनाच टाकू द्या. आज हिरवं झालेलं नळीतलं पाणी काही आठवड्यांनी पिवळं राहिलं, म्हणजे अमोनिया संपला, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पण तुमच्या टाकीत मासे आधीच आहेत, तेव्हा आता एवढं करा. दोन दिवस खाणं बंद, गोल्डफिशना काही होत नाही. रोज पाव ते तृतीयांश पाणी बदला, नवं पाणी जवळपास त्याच तापमानाचं हवं. सोसायटीच्या टाकीत पालिकेचं पाणी मिसळत असेल तर अँटी-क्लोरीन आधी बादलीत घाला. एकदाच सपाट चमचाभर खडा मीठ विरघळवून टाका. त्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून कमी शिरतं. नंतर पाणी बदलाल तेव्हा बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ घाला. आणि आठांपैकी निदान सहा मासे दुकानात परत द्या. दोन फुटी टाकी आठ गोल्डफिशना पुढेही पुरणार नाही, हे मनापासून सांगतो.

किट आज मिळालं नाही तर बाटलीत पाणी घेऊन दुकानात तपासून आणा. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच, तिन्ही आकडे इथेच लिहा. किती पाणी बदलायचं ते त्यावरून ठरवू.