‘तिकिटाच्या पैशांत वर्षभराचे जेवण’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दक्षिण आफ्रिकेच्या शेजारच्या एस्वातिनी (पूर्वीचे स्वाझीलँड) देशाच्या लुबोम्बो प्रांतात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गटाबरोबर मी केलेल्या सेवेविषयीच्या लेखावर ‘एक स्पष्टवक्ता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी एक अक्षरही न वगळता ठेवली आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : आमच्या विमानाच्या तिकिटांच्या पैशांत त्या मुलांचे वर्षभराचे जेवण झाले असते, लेखात तिथल्या सरकारचा उल्लेखही नाही, मुलांना लळा लावून आम्ही निघून आलो, जेवणाआधी प्रार्थना घेऊन आम्ही धर्माचा प्रसार केला, आणि मेळघाट जवळ असताना एवढ्या दूर जाण्याचे कारण काय?

मतभेदाचे मला वावडे नाही. सारी नोकरी रुग्णालयाच्या वॉर्डांत काढलेल्या परिचारिकेला रात्री दोन वाजता रुग्णाचे नातेवाईक जे ऐकवतात, त्यापुढे आपले शब्द सौम्यच म्हणावे लागतील. परंतु तो नातेवाईक समोर उभा राहून बोलतो आणि त्याचे स्वतःचे माणूस खाटेवर असते. आपण माझ्या नावापुढे ‘ताई’ लावता, पुढच्याच वाक्यात आमच्या कामाला ‘पुण्य कमावण्याची सहल’ म्हणता आणि शेवटी एक हसरे चिन्ह टाकता. असे ‘ताई’ म्हणण्यापेक्षा सरळ नावाने हाक मारलेली मला चालली असती.

सरकारविषयीचे आपले म्हणणे मात्र मी मान्य करते. तिथे 2010 पासून टप्प्याटप्प्याने प्राथमिक शिक्षण मोफत झाले, आणि प्रौढांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांना एचआयव्हीची लागण असलेल्या त्या देशाने 2020 मध्ये तपासणी, उपचार आणि विषाणू नियंत्रण यांची 95-95-95 (प्रत्येक टप्प्यावर 95 टक्के) ही लक्ष्ये गाठली, हे लेखात यायला हवे होते.

आता तिकिटाविषयी. हे वाक्य मला आयुष्यात अनेकदा ऐकवले गेले आहे आणि ते ऐकवणाऱ्यांपैकी कोणी ते पैसे कुठे पाठवल्याचे माझ्या पाहण्यात नाही, हे आधी नोंदवून ठेवते. ज्यांना आपण ‘ती मुले’ म्हणता, त्यांच्यासाठी तिथल्या वस्त्यांमध्ये या शतकाच्या सुरुवातीपासून ‘नेबरहूड केअर पॉइंट’ चालवले जातात. आईवडील गेलेली किंवा घरी कमावते कोणी नसलेली लहान मुले सकाळी तिथे येतात आणि वस्तीतील स्त्रिया बहुधा कोणत्याही पगाराशिवाय मका आणि घेवडा शिजवून त्यांना वाढतात. धान्य बाहेरून येते आणि कधी कधी येईनासे होते. 2015-16 च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्या भागांत लुबोम्बो होता, आणि जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली तेव्हा एस्वातिनीतील एचआयव्हीच्या कामालाही त्याची झळ बसली. दूरवरून येणारा पैसा दूरवरच्या एका सहीने थांबतो. आपल्या हिशेबातले ते वर्ष संपल्यावर तेरावा महिना उजाडतोच, आणि त्याचे काय करायचे, हे आपण लिहिलेले नाही.

आम्ही तिथे जेवण वाढायला गेलो नव्हतो. ते काम त्या स्त्रियांना आमच्यापेक्षा चांगले येते. स्थानिक दवाखान्यातील परिचारिकेच्या सोबतीने मी त्यांच्याबरोबर टांगत्या काट्यावर मुलांचे वजन करणे, दंडघेर पट्टीने कुपोषण ओळखणे आणि औषधांची कार्डे वाचणे एवढेच केले. ज्या मुलाला जन्मतःच एचआयव्हीची लागण झाली आहे, त्याच्या औषधाची मात्रा त्याच्या वजनावर ठरते आणि वजन वाढले की ती बदलावी लागते. मूल आजीकडे, म्हणजे तिथल्या भाषेत गोगोकडे वाढत असेल आणि तिला अक्षर वाचता येत नसेल, तर कार्ड पाहून तिला दवाखान्यात धाडणारे कोणीतरी वस्तीतच लागते. हे शिकवणे टपालाने होत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सांगली जिल्ह्यात एचआयव्हीचे प्रमाण राज्यातील बहुतेक जिल्ह्यांपेक्षा जास्त होते, त्या काळात मी तिथे नोकरीत होते. एप्रिल 2004 मध्ये सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, सुरू झाली, पण लहान मुलांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम यायला 2006 चे वर्षअखेर उजाडले. तोवर मोठ्यांच्या गोळ्या मोडून अंदाजाने मात्रा द्याव्या लागत. नातवंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या आज्यांना मी तेव्हा काय आणि कसे समजावत असे, ते आपल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. ठाऊक नव्हते तर ‘सहल’ हा शब्द मात्र टाळता आला असता.

त्याहूनही जुनी गोष्ट सांगायची तर माझी पणजी 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आली. ज्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळाने नेले होते, त्या रमाबाईंनी अशा असंख्य मुलींना तिथे आसरा दिला. त्यांच्या कामाला अमेरिकेतून पैसा येत होता हे खरे, परंतु समुद्र ओलांडून माणसेही येत होती. पणजीच्या अंगावरची खरूज धुऊन काढणारी बाई परदेशी होती, असे आमच्या घरात सांगितले जाते. बोटीच्या भाड्यात किती धान्य आले असते, असा हिशेब त्या बाईपुढे तेव्हा कोणी मांडला असेलही. तो तिने मानला नाही, म्हणून हे उत्तर लिहायला मी आहे, असे म्हणण्याचा मला अधिकार आहे, आणि तो मी टोपणनावाने बजावत नाही.

राहता राहिले बाकीचे. अनाथाश्रमात थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांचा मुलांना लळा लागतो आणि ते गेले की मुले दुखावतात, याविषयी परदेशात बरेच लिहिले गेले आहे आणि ते मीही वाचले आहे. आम्ही अनाथाश्रमात गेलो नव्हतो, ती मुले आपापल्या गोगोकडे राहतात, त्यामुळे तो मुद्दा इथे लागू होतो असे मला वाटत नाही. प्रार्थनेचे म्हणाल तर तो देश बहुसंख्य ख्रिस्ती आहे आणि जेवणाआधीची प्रार्थना त्या स्त्रियांचीच असते. आम्ही फक्त ‘आमेन’ म्हणालो. अनाथांच्या आणि विधवांच्या संकटात त्यांच्याकडे जाणे ही शुद्ध भक्ती आहे, असे बायबलमधील याकोबाचे पत्र सांगते. त्यात अंतराची अट घातलेली नाही. मेळघाटात आमच्या मंडळीतले दोघे जण काम करतात. आपण तिथे गेला असाल तर ते आपल्याला भेटले असतील. गेला नसाल तर त्या मुलांचे नाव केवळ मला गप्प करण्यासाठी वापरू नये, ही विनंती.

माझे तिकीट माझ्या निवृत्तिवेतनातून काढलेले होते आणि गटाच्या उरलेल्या खर्चाची वही मंडळीच्या कार्यालयात आहे. कोणत्याही रविवारी उपासनेनंतर आपण ती पाहू शकता. येण्याआधी पाळकांना फोन करावा आणि तो करताना आपले खरे नाव सांगावे.