पगारातील कपात आणि टो झालेल्या गाडीचे देणे: आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या डबा-सेवेला एक तारा देऊन लिहिले आहे की, आपले मेहुणे आमच्या कॅलिफोर्नियातील फॉल्सम येथील स्वयंपाकघरात काम करतात, एका टोइंग यार्डाच्या (रस्त्यावरून उचलून नेलेल्या गाड्या ठेवणाऱ्या व्यवसायाच्या) जुन्या देण्यापोटी आम्ही त्यांना न विचारता पगाराचा चौथा हिस्सा कापतो, शिवाय दर चेकमागे दीड डॉलर स्वतःसाठी ठेवतो, आणि मराठी असूनही त्यांना रोखीने पगार देऊन या कपातीतून सोडवण्याची आमची तयारी नाही. कर्मचाऱ्याच्या पगाराविषयी चारचौघांत बोलणे आम्हाला पटत नाही. परंतु देण्याची गोष्ट आपणच उघड केली आहे, आणि हे उत्तर प्रसिद्ध करण्यापूर्वी आपल्या मेहुण्यांनी ते वाचून संमती दिली आहे. त्यांच्या पगाराचा आणि देण्याचा आकडा मात्र येथे येणार नाही.

ही कपात आम्ही ठरवलेली नाही. न्यायालयात निकाल लागल्यानंतर थकलेली देणी वसूल करणाऱ्या कलेक्शन एजन्सीच्या मागणीवरून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफ कार्यालयामार्फत ‘अर्निंग्ज विथहोल्डिंग ऑर्डर’, म्हणजे पगारातून कपात करण्याचा आदेश, आमच्याकडे आली. कॅलिफोर्नियात असा आदेश मालकाच्या हाती पडला की 10 दिवसांच्या आत त्याची प्रत आणि सोबतचे सूचनापत्रक कर्मचाऱ्याला द्यावे लागते, 15 दिवसांच्या आत शेरीफकडे उत्तराचा फॉर्म भरून पाठवावा लागतो, आणि आदेश मिळाल्यापासून 10 दिवस उलटले की कपात सुरू करावी लागते. त्यासाठी कर्मचाऱ्याची संमती लागत नाही आणि मालकाचीही विचारली जात नाही. कापलेले पैसे आमच्याकडे राहत नाहीत. एका महिन्यात कापलेली रक्कम पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत शेरीफकडे भरावी लागते. आम्ही ती कापली नाही, तर तेवढी रक्कम आमच्याकडून वसूल करण्याचा अधिकार कायद्याने धनकोला दिलेला आहे.

आदेशाची प्रत आपल्या मेहुण्यांना, लिफाफा आला त्याच दिवशी, मी स्वतः दिली. सकाळच्या पोळ्या आटोपल्या होत्या. हाताचे पीठ धुऊन ते टेबलाशी बसले आणि त्या कागदांत आपली गाडी शोधू लागले. गाडीचा त्यात कोठेही उल्लेख नव्हता. धनकोचे नाव, प्रकरणाचा क्रमांक, निकालाची तारीख आणि रक्कम एवढेच होते. धनको म्हणून ज्या एजन्सीचे नाव होते ते त्यांनी कधी ऐकलेलेही नव्हते. हे देणे आपण विकून टाकलेल्या गाडीचे आहे, हे त्यांना कळले ते न्यायालयातून प्रकरणाची कागदपत्रे काढल्यावर. माणसाच्या पगाराला हात घालणारा कागद त्याला देणे कशाचे आहे हेसुद्धा सांगत नाही, याचा मला त्या दिवशी राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

हे देणे कसे उभे राहते ते येथे सविस्तर लिहिते, कारण आपल्या लोकांपैकी अनेकजण जुनी गाडी अशीच विकतात. ओळखीतून गिऱ्हाईक येते, रोख पैसे मिळतात, मालकीच्या कागदावर, म्हणजे ‘पिंक स्लिप’वर, सही करून किल्ली दिली जाते आणि व्यवहार संपला असे विकणारा समजतो. कॅलिफोर्नियात सर्वसाधारणपणे नंबरप्लेट गाडीबरोबरच जाते. खरेदीदाराने गाडी नावावर करून घेतली नाही, तर डीएमव्हीच्या, म्हणजे येथील वाहन नोंदणी खात्याच्या, नोंदीत जुनाच मालक राहतो. पुढे ती गाडी रस्त्याच्या कडेला बेवारस सापडली की पोलीस किंवा हायवे पेट्रोल ती टो करून यार्डात पाठवतात आणि नोटीस जाते ती नोंदीतल्या मालकाच्या नोंदीतल्या पत्त्यावर. दरम्यान त्याने घर बदललेले असते. यार्डाच्या बिलात टो करण्याचा खर्च एका ओळीत संपतो. साठवणुकीचे भाडे मात्र दर दिवसाला वाढत जाते, त्यात लिलावाच्या प्रक्रियेच्या खर्चाची भर पडते, आणि जुन्या गाडीचे लिलावात येतात ते पैसे त्यापुढे किरकोळ ठरतात. उरलेली बाकी नोंदीतल्या मालकाच्या नावावर टाकली जाते आणि वसुलीसाठी एजन्सीकडे सोपवली जाते. एजन्सी दावा लावते. समन्स बजावले गेल्यापासून 30 दिवसांत उत्तर दाखल झाले नाही, तर एकतर्फी निकाल मिळवता येतो. पगारावरचा आदेश त्या निकालावर उभा असतो. गाडीच्या किमतीपेक्षा तिच्या उभे राहण्याचे भाडे जास्त होऊ देणारी ही पद्धत मला अन्यायाची वाटते, आणि या मुद्द्यावर आपला संताप मला पूर्णपणे मान्य आहे.

हे सारे थोपवणारा एक साधा फॉर्म आहे. गाडी विकल्यापासून 5 दिवसांच्या आत डीएमव्हीला ‘रिलीज ऑफ लायबिलिटी’, म्हणजे आरईजी 138, कळवायचा असतो आणि तो ऑनलाइनही भरता येतो. गाडीची सुपूर्दगी रीतसर झाली असेल आणि ही सूचना डीएमव्हीकडे पोहोचली असेल, तर त्यानंतरच्या पार्किंगची वा वापराची दिवाणी जबाबदारी विकणाऱ्यावर राहत नाही. आपल्याकडे आरटीओत फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होऊनही नाव बदलले गेले नाही की पुढे काय होते, हे महाराष्ट्रात गाडी विकलेल्या अनेकांना ठाऊक असेल. अपघाताच्या भरपाईसंबंधी भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2018 मध्ये नोंदीतला मालक तोच जबाबदार मालक, असेच धरले. घर बदलल्यावर 10 दिवसांत डीएमव्हीला नवा पत्ता कळवणेही येथे बंधनकारक आहे.

आता चौथ्या हिश्शाविषयी. 25 टक्के ही मर्यादा अमेरिकेच्या 1968 च्या संघीय कायद्यातली आहे. कॅलिफोर्नियात 1 सप्टेंबर 2023 पासून त्याहून कडक मर्यादा लागू आहे: कर आणि इतर सक्तीच्या कपाती वजा जाता उरलेल्या आठवड्याच्या कमाईच्या 20 टक्के, किंवा किमान ताशी वेतनाच्या 48 पटीच्या वर जेवढी कमाई असेल तिच्या 40 टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच कापता येते. शहराचे किमान वेतन राज्यापेक्षा जास्त असेल, तर शहराचे धरतात. उदाहरणासाठी 2025 चा राज्याचा दर घेऊ, ताशी 16.50 डॉलर, त्याची 48 पट 792 डॉलर होते. एखाद्याच्या हाती आठवड्याला 900 डॉलर उरत असतील, तर 20 टक्के म्हणजे 180 डॉलर होतात. परंतु 792 च्या वरचे 108 डॉलर आणि त्यांचे 40 टक्के म्हणजे 43.20 डॉलर. कपात 43.20 डॉलरचीच होते. हाती 792 किंवा त्याहून कमी उरत असतील, तर अशा देण्यासाठी काहीच कापता येत नाही. आपल्या मेहुण्यांची कपात याच हिशेबाने होते आणि प्रत्येक पगाराच्या पावतीवर तिची वेगळी ओळ आहे. आपण ती ओळ पाहावी.

त्याच पावतीवर दीड डॉलरही शोधावेत. आदेशानुसार केलेल्या प्रत्येक भरण्यामागे 1.50 डॉलर कर्मचाऱ्याकडून घेण्याची मुभा कायदा मालकाला देतो. आम्ही ते कधीही घेतलेले नाहीत.

रोखीने पगार देण्याची सूचना मी स्वीकारणार नाही. कमाई कागदावर न दाखवणे, किंवा आदेश टाळण्यासाठी पगार आधी किंवा उशिरा देणे, यातून आमच्यावर जबाबदारी येते हे तर आहेच. पण खरे नुकसान आपल्या मेहुण्यांचे आहे. सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाची, नोंद, बेरोजगारी विमा, कामावर इजा झाल्यास मिळणारी भरपाई, हे सगळे कागदावरच्या पगारावर चालते. चुलीशी आणि उकळत्या तेलाशी काम करणाऱ्या माणसाला त्या संरक्षणाबाहेर काढणे याला मी मदत म्हणू शकत नाही. या आदेशामुळे त्यांची नोकरी जाईल अशी भीती घरात असल्याचे आपल्या लिहिण्यावरून दिसते. एका देण्याच्या वसुलीसाठी पगारावर आदेश आला म्हणून कर्मचाऱ्याला काढण्यास संघीय आणि राज्य, दोन्ही कायद्यांत मनाई आहे. तो विचार आमच्या मनातही नाही. ते आमचे सर्वांत भरवशाचे सहकारी आहेत.

आपण जो जोर आमच्याविरुद्ध लावला आहे तो दोन अर्जांमागे लावावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिला अर्ज सूट मागण्याचा, डब्ल्यूजी-006, आणि त्यासोबत घरखर्चाचा तपशील देणारा डब्ल्यूजी-007. हे पैसे कुटुंबाच्या निर्वाहासाठी आवश्यक आहेत, हे त्यात भाडे, किराणा, औषधे, मुलांचा खर्च मांडून दाखवायचे असते. अर्ज न्यायालयात नेऊन द्यायचा नसतो, शेरीफ कार्यालयाकडे द्यायचा असतो. त्याची सूचना टपालात पडल्यापासून 10 दिवसांत धनकोने विरोध नोंदवला नाही, तर सुनावणीशिवायही सूट मिळू शकते. विरोध आला तर न्यायाधीशांसमोर सुनावणी होते.

दुसरा अर्ज मुळावर घाव घालणारा आहे: एकतर्फी निकाल रद्द करण्याचा. समन्स जुन्या पत्त्यावर गेले आणि दाव्याची प्रत्यक्ष माहिती वेळेत मिळालीच नाही, हे दाखवता आले तर न्यायालय निकाल बाजूला ठेवू शकते. त्यासाठी निकालापासून 2 वर्षे, किंवा निकाल झाल्याची लेखी सूचना बजावल्यापासून 180 दिवस, यांपैकी जे आधी संपेल ती कमाल मुदत असते, आणि त्याआधीही विनाकारण उशीर चालत नाही. शेरीफचा आदेश पाहिल्यावर माणूस पगाराच्या चेककडेच पाहत बसतो आणि ही मुदत निघून जाते, म्हणून मी हे पुन्हा पुन्हा त्यांना सांगत आहे. प्रत्येक काउंटीच्या सुपीरियर कोर्टात सेल्फ-हेल्प सेंटर असते. तेथे फॉर्म समजावून देतात. गाडी विकल्याचा पुरावा, मग ती खरेदीदाराने सही केलेली चिठ्ठी असो की त्या दिवसांतले फोनवरचे संदेश, शोधून ठेवावा. गाडी आपल्या हातात नव्हती हे सांगण्याची संधी निकाल रद्द झाल्यावरच मिळेल.

सुनावणीच्या दिवशी त्यांना सुट्टी मिळेल आणि त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही, हे त्यांना लेखी दिलेले आहे. पगाराच्या पावत्या, आदेशाची प्रत आणि आम्ही शेरीफकडे केलेल्या प्रत्येक भरण्याची नोंद त्यांच्यासाठी एकत्र लावून ठेवली आहे. त्यांची हरकत नसेल तर आपणही त्यांच्यासोबत येऊन ती पाहावी. शेरीफकडून कपात थांबवण्याची किंवा कमी करण्याची सूचना येईल, त्याप्रमाणे पुढील पगारातच बदल केला जाईल.

आपली,
डबा-सेवेची मालक, फॉल्सम, कॅलिफोर्निया