फ्लॅश मारायला सांगितलं होतं

आज सकाळी काकांचा मेसेज आला : "फोटो मिळाला. चेहरा काळा आलाय. तरी मी फ्लॅश मारायला सांगितलं होतं." खाली जोडलेले हात. ते हात जास्त लागले.

जागा ईशान्य चीनमधलं हार्बिन, तापमान उणे २४. सोंगहुआ नदी गोठली की तिच्यातून लाद्या कापून काढायच्या आणि त्यांचे मनोरे, कमानी, जिने कोरायचे, हे तिथल्या 'आइस अँड स्नो वर्ल्ड' या बर्फनगरीत १९९९ पासून दर हिवाळ्यात चालतं. जानेवारीत तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. वर आभाळ निळं आणि लाद्यांच्या पोटात दिवे, हा योग जेमतेम वीस मिनिटांचा. मग आभाळ काळं ठिक्कर पडतं, नि सगळं कोरीवकाम मांडवातल्या रोषणाईसारखं दिसू लागतं. त्या वीस मिनिटांसाठी मी तासभर ट्रायपॉडला बिलगून होतो. आयएसओ १००, एफ ८, दोन सेकंद. त्यातही एक स्टॉप कमीच, म्हणजे प्रकाश निम्माच, कारण निळ्या एलईडीने निळा रंग आधी जळतो आणि कोरलेल्या कडा सपाट होतात. जादा बॅटऱ्या शर्टाच्या आतल्या खिशात. श्वाससुद्धा तोंड फिरवून सोडत होतो.

तेवढ्यात काका आले. माकडटोपी, त्यावर मफलर.

"अहो, काच धुरकट झालीय तुमची."

झाली नव्हती. हिमाचा एक कण होता, ब्लोअरच्या एका फुंकरीत उडाला असता. पण काकांनी चष्मा पुसायच्या सवयीने वाकून लेन्सवर तोंडभर "हाऽऽ" केलं. वाफ टेकली तिथेच गोठली. वर ते मफलरच्या टोकाने घासू लागले! गोठलेली वाफ घासून निघत नाही, उलट पसरते, आणि मध्ये कण असला की चरा पडतो.

"निघतच नाही हो," काका म्हणाले. जणू काच माझीच हलकी.

नशीब, लेन्सच्या पुढे यूव्ही फिल्टर, म्हणजे वरून बसवायची जादा काच, होता. पण त्याची कडी जाड हातमोज्याने फिरेना, आणि उघडी ओलसर बोटं लावावीत तर ती धातूला चिकटतात. सात मिनिटं गेली. वीसातली सात! कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत वापराचं तापमान शून्य ते ४० अंश छापलेलं असतं; जाहिरातीत मात्र हिमशिखरावर उभा असलेला दाढीवाला. त्याच्या दाढीतही बर्फ असतो. तक्रार करायला जावं तर पुस्तिका पुढे करतात.

"आता आमचा एक काढा. माझा मोबाइल चाळीस टक्क्यांवरच बंद पडला, बिघडलाय."

बिघडला नव्हता. गारठ्यात बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज कोसळतं आणि फोन मान टाकतो. छातीशी धरा, ऊब लागली की उठेल, असं सांगितलं. "बरं, पण फ्लॅश मारा." नाही मारला. समोरून फ्लॅश पडला की तासलेला बर्फ आरशासारखा तो परत फेकतो. फोटोत पांढरा गोळा आणि आतल्या दिव्यांचा रंग गुल.

खरं तर फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला धरला असता, दोन स्टॉप कमी करून आणि शटर तेवढंच सावकाश ठेवून, तर चेहराही उजळला असता नि मागचा मनोराही राहिला असता. फ्लॅश बॅगेतच होता.

काकांना मी नुसता अंगठा पाठवलाय.