‘न्यूज’ म्हणजे चार दिशा नव्हेत
‘नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथची पहिली अक्षरं जोडून न्यूज झालं,’ हा मेसेज मीच परवा आमच्या धरमपेठेच्या ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे. काल भाचीच्या वहीत तोच अर्थ निळ्या शाईनं उतरवलेला दिसला आणि शब्दकोश काढला. ‘न्यू’ म्हणजे नवं. त्याचं अनेकवचन ‘न्यूज’, नव्या गोष्टी. जुन्या लिखाणात ‘एन-ई-डब्ल्यू-ई-एस’ असंही स्पेलिंग आहे, तिथं दिशांचा हिशेब जुळतच नाही. वापरताना मात्र क्रियापद एकवचनी : ‘द न्यूज इज गुड’. आपण ‘एक न्यूज आहे’ म्हणतो, पण इंग्रजीत ‘अ न्यूज’ होत नाही. माझा मेसेज मी काढलाय. कृपया तो पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा द्या, मुलांना आधी.