छप्पर बदलायचंय? ठेकेदार असाच बघा

घरावरचे पत्रे बदलायला ठेकेदार शोधताय? शिडी न मागणाराच निवडा. खालूनच एक डोळा बारीक करून "होऊन जाईल" म्हणणारा. वर चढून वासे टोचून बघणारे, सडका वासा दाखवणारे लोक फार खर्चात पाडतात.

कोटेशन तोंडीच घ्या. लेखी मागितलं तर त्याला वाईट वाटेल.

"जाड पत्रा टाकू" म्हणाला ना? झालं तर. 0.50 मिमी ही जाडी रंग-लेप धरून की नुसत्या पोलादाची, असला खवचट प्रश्न विचारू नका. 1070 मिमी रुंदीचा पत्रा जोडात एकावर एक चढल्यावर साधारण 1000 मिमीच झाकतो. तेव्हा पैसे पत्र्याच्या मापानं की छपराच्या, हे बिल आल्यावर कळण्यातच गंमत आहे.

स्क्रू मारणारं पोरगं आजच कामाला लागलेलं असावं. स्क्रूखालचा रबरी वॉशर पत्र्याला नीट टेकला, किंचित फुगला की हात थांबवायचा असतो, हे त्याला कुणी सांगू नये. त्यानं मशीनचा खटका दाबून धरावा, वॉशर चिरडून बाहेर यावा आणि पुढे उन्हात तडकावा. चार स्क्रू तिरके जावेत, म्हणजे वॉशर एकाच बाजूला टेकतो आणि दुसरीकडून पाणी आत. दोन-चारांनी वासा चुकवावा. मग ते उपटायचे, शेजारी नवे मारायचे. जुन्या भोकाचं काय? सिलिकॉन! सगळ्याला सिलिकॉन! अहो, पत्रा दिवसा तापून लांबतो, रात्री आखडतो, रोज. वर थापलेलं ते सिलिकॉन किती दिवस धरेल? भिंतीत खाच मारून फ्लॅशिंग, म्हणजे भिंत-पत्र्याच्या जोडावरची पत्र्याची पट्टी, आत घालायची, तर तिथे सिमेंटचा पट्टा ओढून मोकळे. त्याला भेग पडणारच. वर पत्रा ग्राइंडरनं कापायचा, कडेचा रंग जाळायचा, लोखंडाचा कीस तिथेच सोडायचा आणि गंजाचे ठिपके आले की म्हणायचं, "हल्ली मालच असा येतो." मालानं सांगितलं होतं का ग्राइंडर लावायला?

गॅरंटी? "मी आहे ना!"

पैसे सगळे आधीच द्या, म्हणजे तो निवांत.

बास झाली थट्टा. दोन पावसाळे काढलेलं त्याचं एक तरी काम दाखव म्हणावं, आणि तिथल्या घरमालकाशी तो नसताना बोला. पत्र्याची जाडी, आडव्या जोडात पत्र्यावर पत्रा निदान 150 मिमी चढलेला, फ्लॅशिंग, सगळं कागदावर घ्या. शेवटचा हप्ता देण्याआधी पाइप लावून खालच्या कडेपासून वर एकेका जोडावर पाणी सोडा आणि एकाला आत उभं करा. एवढं करायचा कंटाळा येतो आणि मग चार महिने ओरडत बसता!

आणि ठेकेदारसाहेब, गळतंय म्हणून फोन केला की "पाऊस थांबला की येतो"? थांबल्यावर येऊन बघणार काय, डोंबल? गळती पावसातच दिसते. फोन उचला.