‘रक्तात पित्ताम्ल सापडलं म्हणजे लिव्हर गेलं’ हे खरं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. निरोगी माणसाच्या रक्तात पित्ताम्लं नसतातच. रिपोर्टात आकडा १० च्या वर गेला की लिव्हर कामातून गेलं. गुळवेलीचा काढा आणि कारल्याचा रस घेतला की रक्त साफ होतं. आणि गरोदर बाईला खाज सुटली तर ती अंगातली उष्णता, तपासणीवर पैसे घालवू नका. चारही चुकीच्या आहेत, पण चौथीपायी पोटातलं बाळ दगावू शकतं.

पहिली गोष्ट. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती पित्ताशयात साठतात आणि जेवलं की तेलतूप पचवायला आतड्यात उतरतात. काम झालं की शरीर ती वाया घालवत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषली जातात आणि यकृताकडे परत येतात. असा फेरा दिवसातून अनेकदा होतो. परतलेल्यांपैकी बहुतेक यकृत पकडतं, थोडी निसटतात आणि अंगभरच्या रक्तात मिसळतात. त्यामुळे धडधाकट माणसाच्या रक्तातही ती असतातच. उपाशीपोटी साधारण १० मायक्रोमोल प्रति लिटरच्या आत.

दुसरी गोष्ट या १० चीच. ‘उपाशीपोटी’ एवढंच मेसेजमधून गळलंय. जेवणानंतर दोनेक तासांत निरोगी माणसाचाही आकडा दुप्पट-तिप्पट होतो. सकाळी पुरीभाजी आणि वर कुंदा खाऊन रक्त दिलं आणि १४ आले, तर त्यावरून यकृताबद्दल काहीच ठरत नाही. आकडा खरोखर चढतो तो वेगळ्या कारणांनी. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृतात व्रण साठून ते घट्ट होतं तेव्हा, त्याची पकडण्याची ताकद कमी होते, शिवाय आतड्याकडचं रक्त यकृताला वळसा घालून पुढे जातं. म्हणून काही रुग्णांत बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) नॉर्मल असतानाही पित्ताम्लं वाढलेली दिसतात. पित्तनलिकेत खडा अडकला तर आकडा शंभराच्याही पुढे जाऊ शकतो. उलट गिल्बर्ट सिंड्रोममध्ये, म्हणजे बिलिरुबिन जन्मतःच थोडं जास्त राहण्याच्या निरुपद्रवी प्रकारात, डोळे पिवळसर दिसतात, पण पित्ताम्लं नॉर्मल असतात आणि यकृतही ठणठणीत असतं. फॅटी लिव्हर असूनही हा आकडा चांगला येऊ शकतो. तेव्हा एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, अल्ब्युमिन या यकृताच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी शेजारी ठेवल्याशिवाय डॉक्टरही निकाल देत नाहीत. (छातीतल्या जळजळीचा याच्याशी संबंध नाही; ते जठरातलं आम्ल.)

काढ्याबद्दल थोडक्यात. नलिका अडली असेल तर ती मोकळी करावी लागते, रसाने ती उघडत नाही. आणि गुळवेल निरुपद्रवी आहे असं धरून चालू नका: कोरोनाच्या काळात ती घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे.

आता चौथी गोष्ट. गरोदरपणात, बहुतेकदा सातव्या महिन्यानंतर, काही बायकांच्या यकृतातून पित्ताचा प्रवाह मंदावतो. पुरळ काही नाही, पण तळहात-तळपायांना खाज सुटते आणि रात्री झोप लागू देत नाही. घरात कुणीतरी ‘उष्णता आहे, सब्जा घे’ म्हणतं आणि दिवस जातात. यात करायची तपासणी म्हणजे हीच पित्ताम्लांची. गरोदरपणात तिला उपाशी राहावं लागत नाही. १९ च्या पुढे आकडा गेला की आजार धरतात. तो ४० च्या आत असेल तर धीर द्यावा, कारण बाळाला धोका वाढल्याचं दिसत नाही. पण १०० च्या पुढे चित्र बदलतं: २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात, एकच बाळ असलेल्या अशा गरोदरपणांत पोटात बाळ दगावण्याचं प्रमाण ३.४४ टक्के निघालं, तर ४० च्या आत ते ०.१३ टक्के होतं. हे अचानक घडतं, त्यामुळे काल सोनोग्राफी चांगली आली एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. आकडा फार चढला तर डॉक्टर बाळंतपण अलीकडे आणतात. अर्सोच्या (अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिडच्या) गोळीने खाज थोडी उतरते, पण गोळी चालू आहे म्हणून तपासणी सोडायची नाही. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला आणि खाज तशीच राहिली तर तो पुन्हा करायला हवा, कारण खाज आधी आणि आकडा मागाहून, असंही होतं.

आपल्या भागातली अडचण आणखी एक. पहिल्या बाळंतपणाला मुली माहेरी जातात, आणि माहेर चंदगडला किंवा गडहिंग्लजला असेल तर नेमक्या याच महिन्यांत राज्य बदलतं. तायी कार्ड (गरोदर बाईच्या तपासण्यांची नोंद ठेवणारं सरकारी कार्ड) कर्नाटकातलं, डॉक्टर महाराष्ट्रातले. निघताना पित्ताम्लांचे सगळे रिपोर्ट तारखांसकट बरोबर घ्या, आणि खाज सुटत असेल तर तिथल्या पहिल्याच भेटीत सांगा. हा त्रास घराण्यात असू शकतो. आईला किंवा मोठ्या बहिणीला गरोदरपणी असंच झालं होतं का, हे माहेरी पोचल्यावर विचारा आणि तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.