उंदीर बरे झाले ना पण?

सोमवारी रात्री पावणेदहाला मी शटर अर्धं खाली ओढलं होतं. नाशिकच्या सिडकोत माझं छोटं मेडिकल आहे. त्या वेळेला येणारं गिऱ्हाईक एकतर तापाचं असतं, नाहीतर पित्ताचं. पण आलेल्या ताई ओळखीच्या होत्या, मागच्याच गल्लीतल्या. त्यांच्या मिस्टरांची केमो चालू आहे. शटरखालून वाकून आत आल्या, मोबाईल काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, ही गोळी तुमच्याकडे कधी येईल?"

व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज होता. वर 'कॅन्सर संपला! शास्त्रज्ञांना सापडला रामबाण', मग तीन फुलं आणि जोडलेले हात. मी वाचत गेलो. सातव्या-आठव्या ओळीत सापडलं: प्रयोग उंदरांवर झालेला. औषधाला अजून नावसुद्धा नव्हतं, नुसता नंबर.

सांगितलं त्यांना. उंदरांवर चाललं म्हणून माणसावर चालेलच असं नाही. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहा औषधांतली साधारण नऊ मध्येच गळतात, आणि जे टिकतं त्याला दुकानात यायला दहा-बारा वर्षं जातात. त्या थोडा वेळ इन्सुलिनच्या फ्रिजकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उंदीर बरे झाले ना पण?"

"झाले की."

"मग ठीक आहे," म्हणाल्या आणि उलटीच्या गोळ्यांची एक पट्टी घेऊन गेल्या.

त्या मेसेजचा मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण पाच-सहा वर्षांपूर्वी तो मेसेज मीच पुढे ढकलला असता. विज्ञानाच्या बातम्यांवर मी इथं लिहीत असतो; खोटं वाटत असेल तर माझ्या भिंतीवर सप्टेंबर २०२० पर्यंत खाली जा.

१४ सप्टेंबर २०२०. लॉकडाऊनचं वर्ष, लोक घरात, हातात फोन. बातमी आली की शुक्राच्या ढगांत फॉस्फिन सापडला. हवाई बेटांवरची एक दुर्बीण आणि चिलीतल्या दुर्बिणींचा मोठा समूह, दोघांनाही त्याची खूण दिसली होती. पृथ्वीवर ऑक्सिजन नसलेल्या जागी काही जिवाणूंच्या वस्तीत हा वायू आढळतो, म्हणून एवढा गाजावाजा. (धान्याच्या गोदामात कीड मारायला वापरतात तो विषारी वायू हाच. एवढं तरी मी लिहायला हवं होतं, माझा धंदाच औषधांचा.) मी काय लिहिलं? 'शुक्रावर जीवसृष्टी?' प्रश्नचिन्ह लावलं की अंगाला काही चिकटत नाही, असा तेव्हा माझा समज होता. पोस्ट धो धो फिरली. ज्यांनी कधी लाईक केलं नव्हतं ते मावसभाऊ फोन करू लागले.

नोव्हेंबरमध्ये कळलं की चिलीच्या माहितीवर जी आकडेमोड केली होती तिच्यात गडबड होती. त्याच संशोधकांनी ती दुरुस्त माहिती पुन्हा तपासली आणि अब्जात २० कण हा पहिला आकडा कितीतरी खाली आला. दुसरे म्हणत होते, ती खूण फॉस्फिनची नाहीच, सल्फर डायऑक्साइडची असेल. वाद अजून मिटलेला नाही. मी प्रामाणिकपणे दुरुस्तीची पोस्ट टाकली. तिला अकरा लाईक, त्यातला एक बायकोचा.

त्या अकरा लाईकनंतर माझं मत बदललं, आणि ते जरा टोकाचंच आहे: विज्ञानाची बातमी 'काय सापडलं' एवढीच सांगायची असेल तर ती सांगूच नये. 'कसं कळलं' हे सोबत नसेल तर वाचणाऱ्याच्या हातात नुसता निकाल पडतो. मग निकाल फिरला की तो म्हणतो, "हे शास्त्रज्ञ रोज एक नवीन सांगतात." बरोबरच आहे त्याचं. बाकीचं त्याला आपण सांगितलेलंच नसतं.

गेल्या वर्षीचा लघुग्रह आठवा. २०२४ वायआर४. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या दुर्बिणीला दिसला, आणि २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची थोडी शक्यता निघाली. सुरुवातीला टक्का-सव्वा टक्का. मग वाढत वाढत १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्के. धोक्याच्या पट्ट्यात दक्षिण आशियाही होता, त्यामुळे आपल्या ग्रुपांत मुंबई बुडवून झाली. आठवड्याभरात शक्यता जवळपास शून्यावर आली. लगेच दुसरी लाट: "नासाने घाबरवलं." "आधी वाढवलं, मग लपवलं."

कोणी काही लपवलं नव्हतं. घरात कानातलं हरवलं की काय होतं? आधी ते अख्ख्या खोलीत कुठेही असू शकतं, त्यामुळे कपाटाखाली असण्याची शक्यता थोडीच. तुम्ही गादी झटकता, सोफा सरकवता, दारामागे बघता. नाही सापडत. जसजशी खोली तपासून होते तसतशी 'कपाटाखालीच असणार' ही शक्यता वाढत जाते. मग वाकून कपाटाखाली टॉर्च मारता आणि तिथंही नसतं. शक्यता शून्य. कानातलं कुठेही हललेलं नाही, फक्त तुमचं शोधणं पुढं गेलंय. लघुग्रहाचंही तसंच. २०३२ साली तो जिथून जाऊ शकेल तो पट्टा नव्या निरीक्षणांनी अरुंद होत गेला. पृथ्वी त्या पट्ट्यात होती तोवर तिचा वाटा वाढत गेला, बाहेर पडली तशी काळजी मिटली.

हे मी लिहिलं तेव्हा कॉलेजातला एक जुना मित्र म्हणाला, "काय भो, एवढं कोण वाचतं? दोन ओळीत टाक ना."

दोन ओळींचं काय होतं ते मंगळाला विचारा. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ पृथ्वीपासून ५ कोटी ५७ लाख किलोमीटरवर आला होता, हजारो वर्षांत एवढा जवळ आला नव्हता. तेव्हाच्या एका ईमेलमध्ये म्हटलं होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल. गणित बरोबर होतं. पण पुढे पाठवता पाठवता दुर्बीण गळाली. तेव्हापासून जवळपास दर ऑगस्टला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'आज रात्री दोन चंद्र दिसणार' येतं. एका वर्षी मंडळी खरोखर गच्चीवर जमली. मी घरातून तुरीचा एक दाणा नेला. हात लांब करून एक डोळा मिटून धरला तर तो दाणा चंद्र झाकतो. मग आमच्या शेजारच्या आजींना म्हटलं, मंगळ अगदी जवळ आला तरी याच अंतरावर धरलेल्या केसाच्या जाडीएवढा. त्यांनी डोक्यातला एक पांढरा केस उपटला, चंद्रासमोर धरला, आणि म्हणाल्या, "मग मेल्यांनी मला चार जिने कशाला चढवलं?"

त्यानंतर सोसायटीत तो मेसेज येतो, पण सोबत कोणीतरी केसाचा फोटो टाकतं.

लोकांना लांब चालत नाही हे मला पटत नाही. उगाच ताणलेलं चालत नाही. माझी आजवर सगळ्यात जास्त वाचली गेलेली पोस्ट कृष्णविवरावर नव्हती, सिंहस्थावर होती. नाशिकच्या पोराला विचारा, सिंहस्थ किती वर्षांनी? बारा. का बारा? गुरू सिंहेत येतो म्हणून. इथपर्यंत सगळ्यांना येतं. पण गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, पुरती बारा नाहीत. दर फेरीला थोडी थोडी उचल साठत जाते आणि सात फेऱ्यांत जवळजवळ एक वर्ष पुढे येतं. म्हणून मधेच कधीतरी बाराऐवजी अकराव्या वर्षी कुंभ येतो. हरिद्वारला २०१० नंतर २०२१ ला आला तो असाच. त्या पोस्टखाली पंचवटीतल्या एका गुरुजींनी पंचांगातलं गणित उलगडून सांगितलं, ते माझ्यापेक्षा सरस होतं. रामकुंडावर जन्म गेलेला माणूस ग्रहगतीवर बोलत होता आणि इंजिनिअरिंगची पोरं त्याला शंका विचारत होती. असा दिवस वर्षातून एकदा येतो.

डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याकडे साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. मला त्यांना लांबून बघायचं होतं तेवढंच, ते राहिलं ते राहिलंच. २० मे २०२५ ला ते गेले. मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवतो.

भाषेचंही एक सांगतो, कारण त्यावरून माझ्याशी भांडणारे आहेत. मी 'कृष्णविवर' लिहितो, झकास शब्द आहे. पण 'प्रतिजैविक' लिहीत नाही. दिवसाला पन्नास माणसं माझ्याकडे अँटिबायोटिक मागतात, प्रतिजैविक आजवर एकानेही मागितलेलं नाही. शब्दांपेक्षा मला शून्यांची जास्त धास्ती. बिलियनचं भाषांतर कोटी करून टाकणारी बातमी मी आठवड्यातून एकदा तरी बघतो. बिलियन म्हणजे अब्ज, शंभर कोटी. दोन शून्यं खाल्ली की आकाशगंगा तालुक्याएवढी होते. आणि प्रकाशवर्ष हे अंतर आहे, साडेनऊ लाख कोटी किलोमीटरच्या जरा आतलं. "कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी" लिहिणाऱ्यांना मी हल्ली नुसता नमस्कार टाकतो.

आता माझी पद्धत. उधारीच्या वहीची मागची पानं मी यासाठी ठेवली आहेत. बातमी दिसली की तिथं लिहायची, पंधरा दिवस झाकून ठेवायची. समोर तीन रकाने: कोणावर केलं, कशाने मोजलं, दुसऱ्या कोणाला तसंच दिसलं का. पंधरा दिवसांत निम्म्या बातम्या आपोआप मरतात. २०२३ च्या जुलैत कोरियातून नेहमीच्या तापमानाला चालणाऱ्या अतिवाहकाची, म्हणजे अजिबात अडथळा न करता वीज वाहून नेणाऱ्या पदार्थाची बातमी आली होती, एलके-९९. ती वहीत लिहिली आणि थांबलो. ऑगस्टमध्ये जगभरच्या प्रयोगशाळांनी तिचा निकाल लावला, माझी एक चुकीची पोस्ट टळली. उशीर होतो, मान्य. मंडळी चिडवतात, "तुझ्याकडे शिळं मिळतं." मिळू दे. चंद्रयान-३ उतरलं त्या संध्याकाळी मीही वही बाजूला ठेवून दुकानातच नाचलो होतो. ते मोजायला तिसरा रकाना लागत नव्हता.

सोमवारच्या रात्री शटर पूर्ण ओढायच्या आधी ताईंची बातमी वहीत लिहिली. पहिल्या रकान्यात 'उंदीर', दुसऱ्याचं अजून शोधतोय, तिसरा कोरा. भरला तर इथं सांगेन, आणि त्यांना आधी.